त्रेसष्ट प्रतींवरची सही

अर्ज चौकशीतील जबाब. सांगली, मंगळवार दिनांक १५ डिसेंबर १९९८, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

मी, आकाराम हरिबा करांडे, वय वर्षे २२, शिक्षण बी.कॉम. दुसरे वर्ष (सोडले), धंदा नोकरी, ती शनिवारपर्यंत होती, मूळ राहणार कडेगाव, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, सध्या राहणार खणभाग, सांगली, भाड्याची खोली, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतःच्या पायाने हजर होऊन सांगतो ते असे की,

हा जबाब मी माझ्या हाताने लिहीत आहे. सुरुवातीला हवालदार सूर्यवंशी साहेब लिहीत होते. पहिल्या चार ओळींत त्यांनी माझ्या तोंडी "माझी चूक झाली" हे दोनदा घातले. मी तसे एकदाही बोललो नव्हतो. मी कागद मागून घेतला. हवालदार म्हणाले, "लिही बाबा, तूच लिही. माझा बी हात दुखतोय सकाळपासनं. पर कादंबरी लिहू नगंस." म्हणून लिहीत आहे. त्यांचा पहिला कागद त्यांच्याच टेबलावर आहे, त्यावर माझी सही नाही.

माझ्याविरुद्ध गंगाधर काळुगडे, मी ज्या एजन्सीत कामाला होतो तिचे मालक, यांनी काल अर्ज दिला. त्यात म्हटले आहे की मी शनिवारी दि. १२ रोजी मारुती रोडवरील वैराटगड फायनान्स कंपनीच्या शाखेतील कपाट उघडून त्रेसष्ट कागद चोरले आणि फरार झालो. पैकी कागद नेले हे खरे. चोरले हे खोटे. फरार झालो म्हणणे तर हसण्यासारखे आहे. रविवारी आणि सोमवारी मला अठ्ठावन्न गिऱ्हाइकांनी बघितले आहे आणि त्यांतल्या निम्म्यांनी चहा पाजला आहे. फरार माणूस इतका चहा पीत नाही.

सदर कंपनी शिलाई मशीन, टीव्ही, मोपेड असल्या वस्तू हप्त्यावर देते. मुख्य कचेरी साताऱ्यास आहे. गेल्या वर्षी फलटणच्या एका बाईंचा टीव्ही कंपनीने घरातून उचलला. बाई साताऱ्याच्या ग्राहक मंचात गेल्या आणि म्हणाल्या, करार इंग्रजीत होता, मला कुणी वाचून दाखवला नाही, मी अंगठा दिला तो टीव्हीसाठी दिला. बाई जिंकल्या. त्यानंतर मुख्य कचेरीचा हुकूम निघाला की सहीच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाला कराराच्या सगळ्या अटी मराठीत वाचून दाखवायच्या, समजावून सांगायच्या, कराराची एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची आणि हे केल्याचा दाखला दोन्ही प्रतींना जोडायचा. वाचणारा माणूस कंपनीचा नोकर नसावा, बाहेरचा असावा, म्हणजे उद्या मंचात उभा केला तर त्याला त्रयस्थ म्हणता येईल. हे काम काळुगडे यांनी दाखल्यामागे आठ रुपये दराने घेतले. हप्ता चुकलेल्यांच्या वस्तू उचलून आणायचे काम आधीपासून त्यांच्याकडेच होते. म्हणजे वाचून दाखवणारा आणि उचलून नेणारा एकाच मालकाचे. हे साताऱ्यात कुणाला खटकले नाही. मी वाचक म्हणून १ फेब्रुवारी १९९८ पासून कामाला होतो.

कॉलेज मी ऑगस्ट १९९७ मध्ये सोडले. एका सरांशी वाद झाला. वाद कशावरून, हे या चौकशीत येत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या कॉलेजातील एक वर्ष पुढच्या कु. ब्राह्मी शांतिनाथ बिरनाळे या सदर कंपनीत टायपिस्ट व फाइली सांभाळण्याच्या कामावर लागल्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. कॉलेज सोडल्यावर फेब्रुवारीपर्यंत मी मारुती रोडवर कंपनीच्या बरोबर समोर असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात होतो. मारुती रोडवर दुकाने पुष्कळ आहेत, कुठले तरी एक समोर येणारच. माझे वडील अजून मला कॉलेजात समजतात. त्यांना काय कळवायचे ते मी कळवीन, ठाण्याने तसदी घेऊ नये.

हवालदार साहेबांनी विचारले की बिरनाळे बाईंशी तुझा काय संबंध. कामापुरता. मी गिऱ्हाइकाला करार वाचून दाखवायचा, दाखल्यावर सही करायची, फॉर्म बाईंच्या टेबलावर ठेवायचा. बाई सकाळी दहाला पाच मिनिटे कमी असताना येत. बाई जैन, सूर्यास्तानंतर जेवायचे नाही म्हणून थंडीच्या दिवसांत सव्वापाचलाच डबा उघडत. चतुर्दशीला डब्यात बटाटा नसे. मी ऑफिसात कांदाभजी खाणे मार्चपासून बंद केले, ते पोटाच्या तक्रारीमुळे.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर कवलापूरच्या अंबूबाई आल्या. वय साठीचे. सुनेसाठी शिलाई मशीन घ्यायचे होते. त्यांना खुर्ची दिली तर त्यांनी चपला दारात काढल्या, खाली मांडी घातली, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मी वाचायला लागलो. आमच्या गावी श्रावणात पोथी लावतात, एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. मी लहानपणापासून वाचणाऱ्यात असल्याने मोठ्याने वाचायचे म्हटले की मला तोच सूर लागतो, दुसरा येत नाही. अट एकपासून अट सोळापर्यंत वाचून झाले. अंबूबाईंनी फॉर्मवर रुपया ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

मी म्हणालो, "आवं मावशी, ह्यो करार हाय. पोथी न्हाई."

त्या म्हणाल्या, "असू दे की लेकरा. एवढं वाचलंयस, मोकळ्या हातानं कसं उठायचं?"

"बरं, हप्ता चुकला तर काय हुईल ते कळलं का?"

"देव चुकू द्याचा न्हाई."

त्यांच्या मागे बाकावर बसलेल्यांनी बघितले आणि तीच रीत पडली. पंधरा दिवसांत गिऱ्हाइके तांदूळ आणायला लागली. एकाने नारळ आणला. शाखेतले सगळे खूश होते, कारण कुणी काही विचारत नव्हते. मीही खूश होतो, खोटे कशाला सांगू. लोक हात जोडून ऐकतात, बाई टायपिंग थांबवून ऐकतात, असे मला वाटे. एके दिवशी बिरनाळे बाई म्हणाल्या, "काय ओ करांडे, आवाज चांगला आहे तुमचा. पण आत्ता गेल्या त्या मावशी बाहेर जाऊन काय म्हणाल्या ऐकलंत का? म्हणाल्या, मशीन मिळायच्या आधी कसली तरी पूजा असती. ऐकणं निराळं आणि कळणं निराळं. उलट विचारा की त्यांना."

सूचना योग्य वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी खाली बसायला मनाई केली. हात जोडले की वाचन थांबवायचे. प्रत्येक अट झाली की उलट विचारायचे, ज्याला सांगता येत नाही त्याला पुन्हा वाचून दाखवायचे. आणि अट अकरा प्रत्येकाकडून पाठ म्हणवून घ्यायची. अट अकरा अशी आहे की, हप्ता चुकल्यास कंपनी वस्तू ताब्यात घेऊ शकेल, परंतु त्यापूर्वी गिऱ्हाइकास चौदा दिवसांची लेखी सूचना देईल. याचा परिणाम असा झाला की आधी आठवड्याला चाळीस दाखले होत होते ते नऊ व्हायला लागले. काही गिऱ्हाइके अटी समजल्यावर "बघतो घरी इचारून" म्हणून उठून गेली ती परत आली नाहीत.

काळुगडे यांनी मला सर्वांसमक्ष विचारले, "तू वाचक हायस का मास्तर? परीक्षा घ्याय लागलायस व्हय रं लोकांची? आठ रुपयांत माझी गिऱ्हाइकं नापास करतोयस!"

मी काय उत्तर दिले ते येथे लिहीत नाही. एक कप फुटला. त्याचे पैसे पगारातून कापले गेले आहेत, तो विषय संपला.

ऑगस्टपासून कुणी मला काही बोलेनासे झाले. नऊ तर नऊ. मला वाटले, जिंकलो. मुख्य कचेरीचे तपासनीस सप्टेंबरात साताऱ्याहून आले, त्यांनी फॉर्म मोजले, दाखले मोजले, आकडा जुळला, वडापाव खाऊन गेले. त्यांनी एकाही गिऱ्हाइकाला बोलावले नाही, मलाही नाही. मी दाराशीच उभा होतो.

मंगळवार दि. ८ डिसेंबर रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास बुधगावच्या हरणाबाई माझ्याकडे आल्या. वय अंदाजे पस्तीस, शिलाईकाम करतात. त्यापूर्वी मी त्यांना कधीही पाहिलेले नव्हते. त्या दारातूनच म्हणाल्या, "आकाराम करांडे कोन हाय त्यो?"

मी म्हणालो, मीच.

"तू व्हय? मला वाटलं कोनतरी मोठा मानूस आसंल. तू मला वाचून दाखिवलंयस म्हनं. कवा रं? सपनात?"

त्यांचे म्हणणे असे की तुळशीच्या लग्नानंतर जावेच्या मुलीचे लग्न होते, त्यात त्यांचा नोव्हेंबरचा एक हप्ता राहिला. सोमवारी दि. ७ रोजी त्या बाजाराला गेलेल्या असताना काळुगडे यांची दोन माणसे टेम्पो घेऊन आली आणि मशीन घेऊन गेली. मशीनमध्ये गावातल्या एका मुलीचे अर्धे शिवलेले पोलके अडकलेले होते, तेही गेले. शेजाऱ्यांनी अडवले तेव्हा त्या माणसांनी सांगितले की सगळ्या अटी वाचून दाखवलेल्या आहेत, करांड्याची सही आहे. चौदा दिवसांची सूचना त्यांना आली नव्हती. अशी सूचना असते हेच त्यांना माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "मला कुनी सांगितलं आसतं तर मी लग्नात आहेराची साडी घेतली नसती, हप्ता भरला आसता. चार घरची कापडं माज्याकडं हायती. आता लोकं मला इचारत्यात, अन् मी तुला इचारती."

मी हरणाबाईंचा फॉर्म बघायला मागितला. बिरनाळे बाईंनी कपाटातून काढून दाखवला. दाखल्यावर लिहिले होते, वाचून दाखवले, समजावून सांगितले, प्रत दिली. खाली आकाराम ह. करांडे अशी सही होती. सही माझी नव्हती. माझी सही इतकी चांगली येत नाही. आणि प्रत दिली असे लिहिलेली ती प्रत मागे टाचणीने तशीच लावलेली होती. बाईंनी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काम सांभाळून कपाट तपासले. असे त्रेसष्ट निघाले. सगळे ऑगस्टनंतरचे. मी आठवड्याला नऊच करीत होतो तेव्हा बाकीचे कोण करीत होते हे मी कधी विचारले नव्हते. ही एक चूक मात्र माझी आहे. हवालदार साहेबांना हवी असलेली ती नव्हे, ही निराळी.

गुरुवारी दि. १० रोजी मी काळुगडे यांना त्यांच्या घराच्या ओट्यावर विचारले.

ते म्हणाले, "सही कुनाची? तुझी. तुला पगार कोन देतं? मी. मग?"

मी म्हणालो, मी पगार वाचायचा घेतो, सहीचा नाही.

ते म्हणाले, "हे बघ गड्या, साताऱ्याच्या सायबाला दाखला लागतो. तू लागत न्हाईस. उद्या मी फुलपाकरू बशीवलं त्या खुर्चीवर तरी चालतंय, सही व्हयाला पायजे."

शुक्रवारी दि. ११ रोजी मी एस.टी.डी. बूथवरून सातारच्या मुख्य कचेरीला फोन लावला. मला तीन वेळा थांबवून मग एका साहेबांना दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुमचं नाव आमच्या मस्टरवर नाही. आमचा करार काळुगड्यांशी आहे. तुमची जी काही तक्रार आहे ती त्यांच्याकडे करा." मी म्हणालो, साहेब, तक्रार त्यांच्याचबद्दल आहे. ते म्हणाले, "मग तो तुमचा आपसातला प्रश्न झाला." बाहेरचा म्हणून माझी सही चालते आणि बाहेरचा म्हणून माझे ऐकून घेत नाहीत. हे मी त्यांना फोनवरही सांगितले, जरा मोठ्याने सांगितले. बूथवाल्याने दार उघडून बघितले.

शनिवारी दि. १२ रोजी शाखेचे साहेब पाच वाजता गेले. शिपाई बँकेत गेला होता. पावणेसहाच्या आत मी त्रेसष्ट प्रती कापडी पिशवीत घालून सायकलला लावल्या आणि निघालो. मी कंपनीचे कागद नेलेले नाहीत. प्रत्येक कराराच्या दोन प्रती असतात, एक कंपनीची आणि एक गिऱ्हाइकाची. कंपनीच्या त्रेसष्ट प्रती आजही त्या कपाटात आहेत, जाऊन मोजाव्यात. मी नेल्या त्या गिऱ्हाइकांच्या, ज्यांवर "प्रत दिली" असे माझ्याच नावाने लिहिलेले आहे. लिहिलेले खरे करून दाखवले. ज्याची वस्तू त्याच्या घरी पोचवणे ही चोरी असेल तर आधी सगळ्या पोस्टमनना धरावे.

~~कपाटाची किल्ली बिरनाळे बाईंच्या डब्याच्या पिशवीत असते हे मला माहीत होते. बाई नळावर डबा धुवायला गेल्या असताना मी ती त्यांच्या नकळत काढून घेतली व काम झाल्यावर परत ठेवली. त्यांना यातले काहीही माहीत नव्हते व नाही. त्यांचा या प्रकाराशी संबंध नाही.~~ (वरील चार वाक्ये मी खोडली आहेत. कारण पुढे लिहिले आहे. आ. ह. करांडे)

रविवारी सकाळी सातपासून मी सायकलवर बुधगाव, कवलापूर, माधवनगर व सांगलीतील काही गल्ल्या केल्या. बुधगावात मारुतीच्या देवळापुढे एकोणीसजणांना एकदम वाचून दाखवले. सोमवारी उरलेले केले. अठ्ठावन्न पोचल्या. पाच घरे बंद होती, त्या पाच प्रती मी आज सोबत आणून हवालदार साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्या कंपनीला परत न देता त्या पाचजणांना द्याव्यात, नावे-पत्ते वरच आहेत.

सोमवारी सकाळी साडेदहाला हरणाबाई आणि बुधगावची वीस-एक माणसे हातात प्रती घेऊन शाखेत गेली. त्यांनी दंगा केला असे अर्जात आहे. मी तिथे नव्हतो, पण मला समजले ते असे की त्यांनी साहेबांना सांगितले, "अट अकरा मोठ्यानं वाचा." साहेबांनी मनातल्या मनात वाचली. हरणाबाई म्हणाल्या, "आसं न्हवं. आमाला आयकू आलं पायजे." साहेबांनी मोठ्याने वाचली. मग हरणाबाईंनी विचारले, सूचना कुठे आहे. सूचना नव्हती. साहेबांनी काळुगडे यांना फोन लावला आणि दुपारी दोन वाजता काळुगडे यांनी ठाण्यात येऊन माझ्याविरुद्ध अर्ज दिला. मशीन अजून त्यांच्या गोडाऊनातच आहे. ज्याच्यासाठी हे सगळे झाले ते अजून झालेले नाही, हे या जबाबात ठळक धरावे.

येथपर्यंत लिहून मी कागद हवालदार साहेबांकडे दिला. त्यांनी वाचला. किल्लीच्या ठिकाणी आल्यावर चष्मा काढला. मला विचारले, "हे खरं हाय?"

मी म्हणालो, होय.

"शपथेवर?"

मी म्हणालो, कशावर पण.

त्यांनी फाइलमधून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "पोरगी सकाळी नवालाच येऊन गेली. कुनी बोलिवलं नव्हतं. बापाला संगं घेऊन आली हुती. वाच."

पहिला कागद कु. ब्राह्मी शांतिनाथ बिरनाळे यांचा जबाब आहे. एका पानाचा आहे, टाइप केलेला, खाडाखोड नाही. त्यात त्यांनी म्हटले आहे की मुख्य कचेरीच्या हुकुमाप्रमाणे गिऱ्हाइकाची प्रत गिऱ्हाइकापर्यंत पोचली की नाही हे बघणे त्यांचे काम आहे. त्रेसष्ट प्रती पोचलेल्या नव्हत्या. म्हणून शनिवारी पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी स्वतः किल्लीने कपाट उघडले, प्रती मोजल्या आणि त्या पोचवण्यासाठी एजन्सीचे वाचक करांडे यांच्याकडे रीतसर पोच घेऊन दिल्या.

दुसरा कागद म्हणजे ती पोच. "गिऱ्हाइकांच्या प्रती, नग ६३, पोचवण्यासाठी मिळाल्या," तारीख, वेळ, खाली माझी सही. ही सही माझीच आहे. ती शनिवारी त्यांनी माझ्याकडून घेतली तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो की ही फाडून टाका, तुमच्यावर येईल. त्या म्हणाल्या होत्या, "सही करा आधी. मग बघू." मला वाटले फाडली.

हवालदार म्हणाले, "कळतंय का काय लिव्हलंयस? तिच्या कागदावर तू माल पोचवनारा हायस. तुझ्या कागदावर तू डब्याच्या पिशवीत हात घालनारा चोर हायस, अन् ती खोटारडी. ती तुला बाहेर काढाय बघतीया अन् तू स्वतःला आत घालून घेतोयस. कुनासाठी रं?"

मी पोचेवरची तारीख आणि वेळ पुन्हा एकदा वाचली.

मग म्हणाले, "कंपनीनं आजपासनं तिला कामावर येऊ नको म्हनून सांगितलंय. तरी जबाब द्याय आली. लय ताठ पोरगी हाय."

मी पाणी मागितले. पाणी दिले. ११ वाजून १० मिनिटांनी सुरू झालेल्या या जबाबात येथे अंदाजे वीस मिनिटे काही लिहिलेले नाही.

तरी आता सांगतो की, किल्ली मी काढून घेतली हे मी लिहिलेले खोटे होते. ते माझ्या हाताने खोडले आहे आणि शेजारी सही केली आहे. नवा कागद घे असे हवालदार साहेब म्हणाले, मी घेतला नाही. खोडलेले दिसले पाहिजे. माझ्या नावाने त्रेसष्ट ठिकाणी खोटे लिहिले म्हणून मी आरडाओरड करीत आहे, चौसष्टावे मी स्वतः लिहून ठेवणार नाही, मग ते कुणाच्याही भल्यासाठी असो. बिरनाळे बाईंनी शनिवारी कपाट स्वतः उघडले. प्रती स्वतः मोजल्या, दोनदा मोजल्या. डबा उघडलेला तसाच बाजूला होता, ऊन उतरत होते, त्या जेवल्या नाहीत. मी म्हणालो, आधी जेवून घ्या, दिवस बुडेल. त्या म्हणाल्या, "आज राहू दे." नंतर त्यांनी पोच लिहून माझ्यापुढे ठेवली. हे खरे.

माझी मागणी अशी की, माझ्या नावाच्या त्रेसष्ट खोट्या सह्यांबद्दल काळुगडे यांच्याविरुद्ध माझी फिर्याद घ्यावी. नमुन्यासाठी मी वेगळ्या कागदावर दहा वेळा सही करून दिली आहे, दहाही एकसारख्या वाईट आहेत. काळुगडे यांची माणसे मला खोलीवर येऊन भेटतील असे मला काल रात्री कळवण्यात आले आहे. भेटावे. खणभागात कुणालाही विचारले तरी खोली दाखवतील. मी गाव सोडून जाणार नाही, या जबाबावरची सही मागे घेणार नाही आणि हरणाबाईंचे मशीन पोलक्यासकट परत मिळेपर्यंत त्यांच्याबरोबर मंचात, शाखेत, साताऱ्यात, जिथे जावे लागेल तिथे वाचून दाखवायला जाईन. पगार नसला तरी.

बिरनाळे बाईंच्या जबाबातील शेवटचे वाक्य असे आहे, "सदर प्रती मी हरणाबाईंसाठी व इतर गिऱ्हाइकांसाठी दिल्या असून करांडे यांच्याशी माझा कामापलीकडे काहीही संबंध नाही." हवालदार साहेबांनी विचारले की याबाबत तुला काही म्हणायचे आहे काय. या जबाबाच्या सुरुवातीला मी स्वतःही तेच लिहिले आहे. माझ्यापुरते ते बरोबर नव्हते. त्यांच्यापुरते ते बरोबर असेल तर असो. त्यांच्या वाक्याखाली सही त्यांची आहे आणि ती खरी आहे, तेव्हा ते कुणी खोडू नये, मला न आवडले तरी.

हवालदार सूर्यवंशी साहेबांनी हा सगळा मजकूर मला पहिल्या शब्दापासून मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये दोन ठिकाणी खोकले. खोडलेली चार वाक्येही मी त्यांना वाचायला लावली. अक्षर माझे, बोलणे माझे, कुणाचा दबाव नाही. जसे सांगितले तसेच उतरले आहे म्हणून खाली सही करतो. वेळ दुपारी १ वाजून ३५ मिनिटे.

आकाराम हरिबा करांडे
(ही सही माझी.)